घरात नाही, ऑटोत

बालाजीमामांच्या खोकल्यावर आमच्या गल्लीची सकाळ चालायची.

ऑटोचा हॉर्न बंद पडला, तो त्यांनी कधी दुरुस्त केलाच नाही. कोपऱ्यावर खोकला ऐकू आला की माझी आर्या दप्तर उचलायची. "मम्मी, मामा आले!"

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

गावातून मुखेडच्या शाळेत लेकरं नेणारा ऑटो त्यांचा. थंडी पडली की दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे पडदे खाली, दोऱ्या घट्ट.
आम्ही आया खूश! एवढी काळजी सख्खा मामा तरी घेतो का?

एकदा म्हटलं, "मामा, दवाखान्यात दाखवा की."
"बिडीचा ठसका हाय, ताई. जाईल."

ठसका गेला नाही. मामाच वाळत चालले.

मग शाळेत टीबीची तपासणी झाली. आर्याच्या मानेवर गाठ सापडली.
पुढच्या टेस्ट झाल्या. टीबीच.


डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांकडून हा सहसा पसरत नाही. त्यांना तो कुणातरी मोठ्या माणसाकडून मिळतो. घरात कुणाला खोकला आहे?"

घरातल्या सगळ्यांना तपासलं. सगळे क्लीन.
सासूबाईंचा पारा चढला. "आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाई!" मॅडमना चहासुद्धा विचारला नाही.

मग मागच्या गल्लीतलं एक लेकरू निघालं. मग बौद्धवाड्यातलं. मग पाटलांचं.
वर्ग वेगळे, घरं वेगळी. प्रत्येक दारात तोच प्रश्न आणि तेच उत्तर. न्हाई.

रोग गावभर होता आणि कुणाच्याच घरात नव्हता.
नळावर कुणी खोकलं तरी मी घागर उचलून मागं सरायचे. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

मॅडम परत आल्या. परत तेच, घरात कुणाला खोकला?
आर्या वैतागली.
"घरात न्हाई म्हणलं ना! ऑटोत हाय."

मॅडम तशाच मामांच्या ऑटोकडे गेल्या आणि घट्ट बांधलेले पडदे बघून म्हणाल्या, "कोंडलेल्या हवेत खोकल्यातून हा पसरतो."

मामांचं निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता.
मी मास्क लावून त्यांच्या अंगणात गेले. खरं सांगते, भांडायलाच गेले होते.
बाजेवर नुसती हाडं.
"लेकरायला वारं लागू नये म्हणून पडदे लावत व्हतो, ताई."
एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माझ्याकडून भांडण झालंच नाही.

आर्याचा औषधाचा कोर्स पूर्ण झाला. ती बरी आहे. बाकीची लेकरंही.

आज सकाळी नवा ऑटो आला. हॉर्न चांगला खणखणीत.
थंडी म्हणून दोन्ही पडदे खाली. आत दाटीवाटीनं लेकरं.
आणि पडद्याआड कुणीतरी खोकलं.

मी दोन्ही पडदे वर गुंडाळले आणि दोऱ्यांना गाठी मारल्या.
"ताई, लेकरायला थंडी वाजंल की," नवा ड्रायव्हर म्हणाला.
"वाजू दे."

बालाजीमामा, तुमची माया खरी होती. म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही.
आमच्या गल्लीचा रामराम घ्या.