भेडाघाटपासून इतक्या जवळ

लोक मला विचारतात, तुम्ही एवढं जग एकटीनं पालथं घातलंत, हे वेड लागलं कुठून? त्यांना ऐकायचं असतं की शाळेत भिंतीवर नकाशा होता आणि तो पाहून माझे डोळे चमकायचे. तसलं काही नव्हतं. शाळेतला नकाशा फाटका होता आणि त्यात अर्धं आफ्रिका खंड गायब होतं. मी फिरले ती रागानं.

अजूनही कुठल्या प्रसिद्ध जागी गेले, पिरॅमिड असो की नायगारा, की मी आधी आसपास पाहते: सामानाजवळ कोण बसलंय? असतंच कुणीतरी. देश कुठलाही असो, भाषा कुठलीही असो, एक बाई सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या मांडीशी घेऊन, त्या जगप्रसिद्ध दृश्याकडे पाठ करून बसलेली असते. बाकीचे फोटो काढून येतात आणि तिला सांगतात, काय सुंदर आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण ती बाई मी घरात पाहिलेली आहे.

माझा जन्म जबलपूरचा. बाबा वऱ्हाडातून येऊन फॅक्टरीत लागले. फॅक्टरी म्हणजे तोफांचे सुटे भाग करणारी. आमच्याकडे नाव घ्यायची गरज नसे, फॅक्टरी म्हटलं की झालं. लग्न करून आईला आणलं ते थेट क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागं अंगण, आणि भोंगा. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. दुपारचा भोंगा वाजायच्या आत आई गरम डबा घेऊन गेटवर उभी असायची, कारण थंड अन्न बाबांना बाधतं आणि कँटीनचं तिखट सोसत नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं ते विचारू नका.

दुसरं ठरलेलं म्हणजे भेडाघाट. नागपूर, अमरावती, अकोला, जिथं म्हणून आमचे नातेवाईक होते तिथून ते जबलपूरला यायचे ते आम्हाला भेटायला नव्हे, नर्मदेचा धुवांधार धबधबा पाहायला. दिवाळी झाली की सुरू. पाहुणे आले की आई पहाटे उठून तिखट पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, तिळाची चटणी अशी शिदोरी बांधायची. किरायाची जीप यायची. जीपमध्ये पाहुणे बसायचे, मला मांडीवर घ्यायचे, आणि आई अंगणातून हात हलवायची. दुपारी डबा होता ना. मी इतक्यांदा धुवांधार पाहिला की मला त्याचा कंटाळा आला होता.

संध्याकाळी पाहुणे परत यायचे ते आईसाठी काहीतरी घेऊन. 'वहिनी, हे तुमच्यासाठी.' भेडाघाटच्या दुकानातला संगमरवरी हत्ती, कुंकवाची डबी, तळहाताएवढा ताजमहाल. आमच्या फळीवर असे सात-आठ ताजमहाल ओळीनं होते. जी जागा आमच्या घरापासून बसच्या टप्प्यात, तिथल्या आठवणी आईला परगावचे लोक आणून द्यायचे आणि आई म्हणायची, 'किती छान आहे हो!' आज ते आठवलं की वाटतं, एकेक ताजमहाल उचलून परत त्यांच्या पिशवीत टाकायला हवा होता.

मग लढाया. बासष्टची झाली, पासष्टची झाली. प्रत्येक लढाईत बाबांची पाळी बारा तासांची व्हायची, रविवारही जायचा. खिडक्यांना काळे कागद लागायचे. फॅक्टरीतल्या माणसांच्या कामाचं कौतुक व्हायचं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या बायकांनी त्या बारा तासांना दोन वेळचे डबे पुरवले, त्यांचं कौतुक करायला कुणी आल्याचं मला आठवत नाही. घरात काही म्हटलं की उत्तर एकच: लढाई संपली की पाहू.

एकाहत्तरच्या दिवाळीत नागपूरचे काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या कंपनीनं त्यांना अमेरिकेला मशीन शिकायला पाठवलं होतं आणि सुट्टीत ते नायगारा पाहून आले होते. ते सोबत स्लाइड दाखवायचं यंत्र घेऊन आले. अंगणात पांढरी चादर ताणली, आळीतली माणसं सतरंजीवर बसली. काका प्रत्येक स्लाइडला सांगत होते, 'इथं मी एकटा गेलो. बसनं. कोणाची मदत नाही, काही नाही.' घरी काकू दोन लहान पोरं आणि आजारी सासू सांभाळत होत्या, ती मदत बहुतेक मोजण्यातली नसावी. काकू तिथंच बसल्या होत्या.

शेवटी काका ऐटीत म्हणाले, 'सांगा वहिनी, आपला धुवांधार मोठा की नायगारा?'

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळ्यांनी वळून पाहिलं तशी ती लाजली, पण मग बोलली. 'नायगारा मोठा असंल भाऊजी, पण आपल्या धुवांधाराची गोष्टच वेगळी. दूध उतू गेल्यावानी पाणी पडते. तुषार अंगावर येतात, लुगडं ओलं होते. अन् काय उंच! वर पाहू पाहू मान दुखून येते.'

'वाहवा!' काका म्हणाले. आळीनं टाळ्या वाजवल्या. बाबांनीही.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यानं धुवांधार एकदा पाहिला आहे त्याला माहीत असतं की तिथं मान वर करावी लागत नाही. आपण वरच्या खडकांवर उभे असतो. नर्मदा पायाशी येते आणि खाली पडते. धुवांधार खाली वाकून पाहायचा असतो. अंगणातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिला होता. काकांनी तर दर वर्षी.

भांडी घासताना मी विचारलं, 'आई, तू धुवांधार पाह्यला नाही ना?'

'मी कव्हा जाईन बाई?' ती राखेनं कढई घासत म्हणाली. 'पाहुणे सांगतात ना, त्यानं समजते.'

मी तशीच ओल्या हातांनी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, 'काहून? ते तं दर साली जाते ना?' मी म्हटलं, दर साली ती शिदोरी बांधते. बाबा म्हणाले, 'हे लढाईचं वातावरण निवू दे. जाऊ सगळे.'

लढाई तर अजून सुरू व्हायची होती. ती सुरू झाली, संपलीही. संपली म्हणजे रेडिओवर संपली, फॅक्टरीत नाही. बाबांचे रविवार तसेच जात राहिले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या नाकावर राग कायम बसलेला असे. जानेवारीतल्या एका शनिवारी मी जाहीर केलं, 'उद्या मी अन् आई भेडाघाटला जाऊन राहिलो. बाबा, डबा सकाळीच घेऊन जा. एक दिवस थंडं खाल्ल्यानं कोणी मरत नाही.'

'हे काय बोलणं झालं?' आई म्हणाली. पण ती रागावली नाही. सकाळी बाबांनी मुकाट्यानं डबा उचलला. त्या दिवशी आईनं शिदोरी बांधली ती फक्त दोघींची. इतक्या थोड्या पुऱ्या लाटायची तिला सवय नव्हती. कणीक जास्तच भिजली.

बस स्टँडवर आम्ही भेडाघाटच्या बसमध्ये चढलो. आईला खिडकी मिळाली. तेवढ्यात शेजारी नागपूरची बस येऊन थांबली आणि तिच्यातून उतरले काका, काकू आणि काकूंच्या माहेरची चार माणसं. पत्र नाही, निरोप नाही.

काकांनी आईला खिडकीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. 'अरे वा! वहिनी आम्हाले घ्यायले आल्या! तुम्हाले समजलं तरी कसं?'

आई उठली. मी शपथेवर सांगते, एका क्षणात उठली. पिशवी हातात, पदर सावरून, निघाली उतरायला. वर्षानुवर्षांचं वळण पायातच असतं.

मी तिच्या वाटेत उभी राहिले आणि खिडकीतून म्हटलं, 'काका, आम्ही धुवांधार पाहायला चाललो.'

'चांगलं आहे, आपण सारेच जाऊ ना! पहिले घरी चला, हातपाय धुऊ, गरम गरम जेऊ, उद्या जीप करू.' मग ते हसले. 'अन् वहिनीनं तं पाह्यलाच आहे. त्या दिवशी किती सुंदर सांगितलं!'

'तिनं नाही पाह्यला.'

'काही तरीच! इतक्या जवळ राहून? काखेत कळसा अन् गावाला वळसा!' काका आपल्या म्हणीवर खूश झाले. माहेरची माणसंही हसली.

कंडक्टर ओरडला, 'दीदी, बैठना है कि उतरना है? गाड़ी छूट रही है।'

माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं. ते बोलायची वेळ आली नाही. आईनं कनवटीची किल्ली काढली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, 'भाऊजी, हे घ्या. पिठाचा डबा वरच्या फळीवर आहे. कणीक भिजलेलीच आहे.' आणि खाली बसली. बस सुटली. काका किल्ली हातात घेऊन उभे होते.

भेडाघाटला उतरून दगडाच्या मूर्तींच्या दुकानांमधून आम्ही खाली गेलो. एका दुकानदारानं आईला ताजमहाल दाखवला. ती म्हणाली, 'घरी लय आहेत.' मग आम्ही खडकांवर आलो, कठड्याशी. आईनं आधी मान वर केली. समोर आभाळ होतं. मग तिला पायाखालचा आवाज कळला आणि तिनं खाली पाहिलं.

ती किती वेळ पाहत होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर पाणी उडत होतं, ती पुसत नव्हती. मला वाटलं, आता म्हणेल किती सुंदर आहे.

'हा तं खाली आहे,' ती म्हणाली.

'हो.'

'मी त्या दिवशी वर म्हटलं. साऱ्यांच्या समोर.' ती माझ्याकडे वळली. 'भाऊजींना माहीत होतं. यांना माहीत होतं. कोणी काही म्हटलं नाही. म्हणजे माझं कोणी ऐकूनच नाही राहिलं होतं.'

मी आयुष्यात जगातली मोठी मोठी आश्चर्यं पाहिली. एवढं वाईट मला कुठल्याही कठड्याशी वाटलं नाही. मी म्हटलं, चल, पुऱ्या खाऊ. आम्ही खाल्ल्या. परतीची पहिली बस गेली, आई उठली नाही. दुसरी गेली.

घरी आलो तेव्हा सहा पाहुणे आणि बाबा भिजवलेल्या कणकेभोवती बसले होते. चूल पेटलेली नव्हती; काकूही त्या दिवशी पाहुणी म्हणूनच बसल्या होत्या. आईनं ती पेटवली, कारण उपाशी माणसं समोर असताना तिला दुसरं काही येत नव्हतं. पण वाढताना ती म्हणाली, 'उद्या मी बी येते.'

'परत?' काका म्हणाले. 'आजच तं पाह्यला!'

'तुम्ही नाही का दर साली पाहत?'

सकाळी जीप आली. आई सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. बाकीचे चढले तसा ड्रायव्हर म्हणाला, 'एक आदमी उतरिए भैया, इतने नहीं जाएँगे।' सगळ्यांनी सवयीनं आईकडे पाहिलं. आई सरळ समोर पाहत राहिली. आणि मागून काकू बोलल्या, ज्या कधी बोलत नसत. 'तुम्ही उतरा. तुमचा नायगारा पाहून झाला ना.'

काका उतरले. दुपारी मी कॉलेजातून येत होते तर ते फॅक्टरीच्या गेटवर, बायकांच्या रांगेत, गरम डबा या हातातून त्या हातात करत उभे होते.

ती गोष्ट काकांनी पुढं जन्मभर सांगितली. लग्नात, बारशात, नव्या जावयांना. 'वहिनीला धुवांधार पाहायला मिळावा म्हणून मी स्वतः डबा घेऊन गेटवर उभा राहिलो.' लोक म्हणायचे, केवढा मनाचा मोठेपणा! तोच डबा घेऊन आई त्याच गेटवर बाबा रिटायर होईपर्यंत उभी राहिली, उन्हात, पावसात, तीन लढायांत. ते कुणी कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मी सांगते आहे.