‘शक्यतो’ खोडण्याची गोष्ट

वाशिमच्या एका कारखान्यात थ्रेशर, म्हणजे मळणीयंत्रं, तयार होतात आणि त्यांची मराठी माहितीपुस्तिका मी लिहितो. या वर्षी मी लिहिलं होतं, ‘यंत्र चालू असताना त्याच्या तोंडात हात घालू नका.’ मालकांनी ते वाचून नाक मुरडलं.

“मास्तर, गिऱ्हाइकाले दम देऊन राह्यले काय? जरा मऊ लिहा.”

त्यांनीच सुचवलं, ‘शक्यतो हात घालणे टाळावे.’ मी मान डोलावली. घरात शब्दाशब्दावरून वाद घालणारा मी मालकांसमोर फार समजूतदार असतो.

छापायच्या आधीचा कागद घरी आणला. धाकटा भाऊ अनसिंगहून आला होता. सोयाबीनच्या हंगामात तो याच कारखान्याचं थ्रेशर ट्रॅक्टरला जोडून चालवतो. त्याने कागद वाचला आणि चक्क खूश झाला.

“बराबर लिहिलं दादा. मी बी शक्यतो नाई घालत. ओलं सोयाबीन फसलं तवाच घालतो. अन् तोबी डावा. उजवा जेवाले लागते.”

तो हसत होता. माझ्या अंगाची आग झाली. त्याला नको ते बोललो, बायकोने आणलेला चहा ढकलून दिला. राग खरा मालकांवर होता, त्याहून जास्त माझ्या डोलणाऱ्या मानेवर.

सकाळी थेट मालकांच्या टेबलाशी गेलो.

“शेठ, तुमच्या पोराले असं सांगसाल काय, चालू थ्रेशरमंधी शक्यतो हात घालू नको?”

“काहून तापून राह्यले एका शब्दासाठी?”

“माझा भाऊ तुमचंच थ्रेशर चालवते. त्यानं तो शब्द वाचला अन् डाव्या हाताची परवानगी घेतली.”

मालकांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी पेन माझ्याकडे सरकवला. मी ‘शक्यतो’ इतका खोडला की कागद फाटला. ‘घालणे टाळावे’ही खोडून ‘कधीच घालू नका’ लिहिलं. छाती फुगवून भावाला फोन केला आणि वाचून दाखवलं.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण फसलं तं करू काय, ते कुठं लिहिलं?”

कुठेच नव्हतं. सकाळभर मालकांवर ओरडलो होतो आणि सांगायची गोष्टच लिहिली नव्हती. फोन न ठेवता त्यालाच विचारत विचारत वाक्य केलं: ‘आधी ट्रॅक्टर बंद करा. आत फिरणारा ड्रम पूर्ण थांबू द्या. मग फसलेलं सोयाबीन लोखंडी आकड्याने ओढून काढा.’

कागद तोवर छापायला गेला होता. तो परत बोलवा, असं सांगायला पुन्हा मालकांकडे गेलो. ते मला जे बोलले, ते अजिबात मऊ नव्हतं.