फाडलेलं पान

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात गंगापूरकडचा एक टँकरचालक यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आर्मेनिया-अझरबैजानच्या लढाईची बातमी तो दोन बोटं ठेवून वाचायचा. एक बोट एका देशाच्या दाव्यावर, दुसरं दुसऱ्याच्या.

"दोघंबी म्हणत्यात, पयली गोळी समोरच्यानं झाडली," तो एकदा मला म्हणाला. "मंग काय आमच्या टँकरनं झाडली व्हय, गुरुजी?"

सगळे हसले. जगाच्या बातम्या समजावून सांगायचा मान तोवर माझा होता. आता माझे श्रोते त्याच्याभोवती बसू लागले आणि मी जळू लागलो. एका दुपारी वर्तमानपत्रातलं त्या लढाईच्या बातमीचं पान मीच फाडून खिशात घातलं आणि ग्रंथपालांना सांगितलं, "टँकरवाल्यानं नेलं."

त्यानं मला फाडताना पाहिलं होतं. ग्रंथपालांनी दरडावल्यावर माझ्याकडं बघत तो एवढंच म्हणाला, "म्या नाय नेलं, सायेब. कुनी नेलं, ते सांगनार नाय."

त्याला वाचनालय बंद झालं. मला माझे श्रोते परत मिळाले.

पान अजून माझ्या कपाटात आहे. पहिली गोळी मी झाडली होती.