पुढे चाल कुणालाच नाही

टायपिंग क्लासमधलं हे मशीन चार वाजेपर्यंत माझं आहे. मराठी तीसची परीक्षा कालच झाली आणि मॅडम म्हणाल्या, रिकामं आहे तर बस, हात चालू ठेव. म्हणून गेल्या मे महिन्यातली ड्रॉची गोष्ट टाईप करतेय. चुका दिसल्या तर दिसू देत, खोडायला वेळ नाही.

आमच्या आळीत टीव्ही गेम एकच. शेजारचे काका बोटीवर असतात, त्यांनी आणलेला. एक काळा डबा, त्याला दोन दांडे, आणि वायर टीव्हीला जोडली की पडद्यावर दोन रणगाडे. एकमेकांना उडवायचं, ज्यानं जास्त उडवलं तो जिंकला, बस. काकांचा मुलगा माझ्या दादाच्या वर्गात, दोघंही कॉलेजात. त्याला सगळे मालक म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण त्याला ते खरंच वाटायला लागलेलं.

सुट्टी लागली तशी पोरांनी स्पर्धा ठरवली. आमच्या पडवीत बसून, कबड्डीच्या स्पर्धेला असतो तसा रीतसर ड्रॉ.

"सात जण झाले," दादा म्हणाला. "आठवा नाय. एकाला पुढे चाल द्यायला लागणार."

म्हणजे ज्याला जोडी नाही तो न खेळताच दुसऱ्या फेरीत.

"ती मला," मालक म्हणाला. "गेम माझा आहे."

"आठवी मी आहे," मी म्हणाले.

सगळे असे हसले की पडवीतली मांजर उठून गेली.

"तू ड्रॉ टाईप कर गो," मालक म्हणाला. "तेवढं चांगलं जमतं तुला. आणि त्या दिवशी सरबत कर, कोकमाचं."

"साखर कमी घाल," दादाने वर सांगितलंन. सख्खा भाऊ.

टाईप करायचं कारण असं की दिवाळीत कॅरमचा ड्रॉ हातानं लिहिलेला आणि कुणीतरी त्यात नावांची अदलाबदल केली. मारामारी होता होता राहिली. तेव्हापासून पोरांनीच नियम केलेला: ड्रॉ टाईप केलेला पाहिजे, खाली सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, आणि एकदा सह्या झाल्या की अक्षर बदलायचं नाही.

पोरांना एक गोष्ट माहीत नव्हती. ती सकाळी क्रिकेटला गेली की मी आणि मालकाची आई, म्हणजे काकू, रणगाडे खेळत होतो. रोज. काकू मासे साफ करून, हात धुऊन पदराला पुसत यायच्या आणि म्हणायच्या, "बस गो, कुकर होईपर्यंत एक डाव." कुकर व्हायचा, डाव संपायचा नाही. त्या भिंतीआड दबा धरून बसायच्या आणि मी कंटाळून बाहेर आले की उडवायच्या. एप्रिलभर मी हरले. मे लागला तसं मीही दबा धरायला शिकले.

दुसऱ्या दिवशी मालकाला पुढे चाल धरून बाकीच्यांच्या दादानं चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि कागद माझ्याकडे दिला. क्लासमध्ये येऊन मी ड्रॉ टाईप केला. चार प्रती, मधे कार्बन. आडव्या रेघा मारल्या, मग कागद काढून फिरवून घातला आणि उभ्या मारल्या, कार्बन सरकू न देता. मॅडमसुद्धा बघायला आल्या. सगळ्यांत वर मालकाचं नाव, आणि त्याच्यासमोर जिथं पुढे चाल लिहायचं होतं तिथं मी माझं नाव टाईप केलं. आडनावासकट.

कागद घेऊन थेट मैदानावर गेले. पोरं बॅटिंगवरून भांडत होती. बॅटवरच कागद ठेवून सातही जणांनी सह्या ठोकल्या. जोड्या तर आधीच ठरलेल्या, वाचायचं कशाला? मालकानं आपलं नाव सगळ्यांत वर आहे एवढं बघितलंन आणि सगळ्यांत मोठी सही केलीन.

संध्याकाळी ड्रॉ मालकाच्याच घरी टीव्हीच्या वर चिकटवला, तेव्हा वाचला गेला.

"हे काय?" मालक म्हणाला. "चुकलंय हे."

"चुकलेलं नाहीये," मी म्हणाले. "मी टाईप केलंय."

"खोड ते."

"सही कुणाची आहे खाली?"

मालकानं दादाकडे बघितलं. दादा नियम करणाऱ्यांतला, त्यानं खालच्या सहीवर बोट ठेवलंन. मग मालक डब्याची वायर काढायला उठला. "गेम माझा आहे. मी नाय खेळणार पोरीबरोबर. सगळ्यांनी घरी जा."

काकू आतून आल्या, हातात कालथा. "तुझा कसा रे? तुझ्या बाबांनी तो मला करमत नाय म्हणून आणलानी. ठेव ती वायर खाली. नायतर मी उचलून कपाटात घालीन, मग बस भांडत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू काय उभी? बस की दांड्यावर."

बसले. रोजचाच दांडा हातात घेतला. मालक काकूंसारखा नव्हता. तो नुसता धावत यायचा. मी भिंतीआड थांबायचे, आला की उडवायचे. नऊ विरुद्ध चार.

पुढच्या फेरीत दादानं मला एका गुणानं हरवलं. "झालं समाधान?" त्यानं विचारलंन. मी म्हटलं, "नाही झालं." आणि त्या दिवशी सरबत मी केलं नाही. मालकानं केलंन. साखर फार झालेली, पण मी दोन ग्लास प्यायले.

यंदाचा ड्रॉ आज आल्याआल्याच टाईप करून झालाय, याच मशीनवर. नावं नऊ आहेत. नववं काकूंचं. नऊ जणांचा ड्रॉ बसवायचा म्हणजे पहिल्या फेरीत एकच सामना आणि सात जणांना पुढे चाल, पोरं म्हणतात केवढी कटकट. असू दे. काकू आणि मालक पहिल्याच फेरीत समोरासमोर आले आहेत, चिठ्ठीनं, माझा हात नाही त्यात.

मघाशी सगळे सही करायला क्लासच्या दारात आलेले. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलंनी. मालकानं दोनदा. माझ्या नावावर त्याचं बोट जरा थांबलं, मग पेन मागितलंन आणि सही केलीन. गेल्या वर्षीपेक्षा बरीच लहान.