आप्पांचा कापूर

खडेबाजारात आज कापराचा वास आला आणि वडगावच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. माझे वडील, आप्पा, यंत्रमागात उजव्या हाताची तीन बोटं गमावून त्या दुपारी दवाखान्यातून परतले होते. आल्या आल्या देवापुढं बसून डाव्या हातानं कापूर पेटवू लागले. काडी सारखी विझत होती.

"बोटं गेली, आन् त्यालाच ओवाळताय व्हय?" मी ओरडले.

"डाव्या हातानं शिकीन गं. त्यो हाय की," आप्पा म्हणाले.

मला तो दुबळेपणा वाटला. आरतीचं ताट ढकलून मी बाहेर पडले. पुढं आप्पा खरंच डाव्या हातानं तुटलेले धागे जोडायला शिकले. माझा राग मात्र गेला नाही. देवाशी मी आजही कडाकडा भांडते. पण नसलेल्याशी इतकी वर्षं कोण भांडतं?