अनिकेतच्या नावाने ती सेटिंगची लिस्ट फिरवू नका

ती लिस्ट डिलीट करा. आत्ताच्या आत्ता.

आज माझ्या धाकट्या भावाला, अनिकेतला जाऊन एक वर्ष झालं. सकाळी त्याच्या गेमिंग ग्रुपवर कोणीतरी त्याचा हार घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलंय, "अनिकेत भैया की ज़ीरो लॅग सेटिंग, लेजेंड की याद में."

आणि त्याखाली ही लांबलचक यादी. विंडोजची ही सर्व्हिस बंद करा, रजिस्ट्रीत तो आकडा बदला, टायमर असा करा.

सगळ्यांनी हात जोडलेत. श्रद्धांजली म्हणे. डोंबलाची श्रद्धांजली!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, म्हणजे पुन्हा कोणी मला "दीदी, गुस्सा क्यों हो रही हो" विचारणार नाही.

अनि आणि त्याचे तीन मित्र रोज संध्याकाळी शूटिंगचा गेम खेळायचे. आधी टावर चौकातल्या एका कॅफेत, नोकरी लागल्यावर नानाखेड्याला आमच्या घरून. चौघांत सगळ्यात फास्ट हात त्याचा. आई ओरडायची, जेवायला ये रे, पान वाढलंय. हा आपला, "बस दोन मिनिटं!"

मग तो हरायला लागला. रोज सगळ्यात आधी मरायचा.

"ताई, मी क्लिक वेळेवर करतोय गं. गोळीच उशिरा सुटतेय. कम्प्युटर लॅग मारतोय."

मित्रांनी लगेच एकेक सेटिंग पाठवायला सुरुवात केली. "ये कर के देख भाई, मक्खन चलेगा." हा करायचा. दोन दिवस खूश. "ताई, फरक पडला!" तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. मग नवीन सेटिंग.

मी कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल घेते. मोजल्याशिवाय मानायचं नाही, ही माझी जुनी खोड. म्हटलं, थांब. माझ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये त्याचं बोट आणि स्क्रीन एकत्र शूट केलं. बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजलं.

सेटिंग करायच्या आधी सात. सगळ्या सेटिंग केल्यावरही सात. कधी सहा, कधी आठ, पण ते दोन्हीकडे.

एकाच गोष्टीने खरा फरक पडला. त्याचा नवा मॉनिटर जुन्याच, कमी स्पीडवर लावलेला होता. तो नीट केला तर दोन फ्रेम वाचल्या. बाकी सगळी यादी मनाचे खेळ.

मान्य करेल तर शपथ! "तुझा फोन चुकतोय," म्हणाला.

मग मी दुसरा व्हिडिओ काढला. स्क्रीनवर लाल चौकोन आला की बटण दाबायचं. आधी तो, मग मी. मी, जिने जन्मात कधी गेम खेळला नाही.

चौकोन आल्यावर मी त्याच्यापेक्षा लवकर दाबत होते. थोडंथोडकं नाही, बरंच लवकर. दहाच्या दहा वेळा.

आणि मी काय केलं माहितीये?

हसले.

"मशीन ठणठणीत आहे रे अन्या, तूच म्हातारा झालायस!" असं म्हणून मी चहा टाकायला निघून गेले.

हाच तो राग आहे. तुमच्यावर आहेच, पण त्याच्या दुप्पट माझ्यावर आहे.

सव्वीस वर्षांच्या मुलाचा हात इतका मागे पडतो, आणि फिजिक्सवाली बाई चहा टाकते. अक्कल काय गहाण ठेवली होती मी?

त्यानंतर त्याने माऊस बदलला. कीबोर्ड बदलला. विंडोज तीनदा नव्याने टाकलं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला तर म्हणे, शर्टच भंगार शिवलाय. हातातून पोह्यांची प्लेट पडली तेव्हा बाबा त्याला धांदरट म्हणाले. आठ महिने आम्ही घरातल्या प्रत्येक वस्तूला दोष दिला.

शेवटी चालताना पाय ओढायला लागला, तेव्हा त्याला इंदूरला नेलं.

डोक्यात गाठ.

डॉक्टरांनी विचारलं, "कब से है ये?" आई म्हणाली, "पंधरा-बीस दिन हुए होंगे."

मी फोन काढला आणि तो लाल चौकोनाचा व्हिडिओ दाखवला. वर तारीख होतीच. त्यांनी तो दोनदा बघितला. आईबाबा माझ्याकडे बघत राहिले.

"तभी ले आते तो कुछ और सोच सकते थे," डॉक्टर एवढंच म्हणाले. वाचला असता असं ते म्हणाले नाहीत. नसता वाचला असंही म्हणाले नाहीत. त्या दोन्हींच्या मधे मी वर्षभर लटकतेय.

म्हणून सांगते, ती यादी माझ्या भावाचा वारसा नाही. त्या यादीने कोणाचाही लॅग गेला नाही, त्याचे आठ महिने मात्र गेले. गेम खेळा, खुशाल खेळा. मॉनिटरचा स्पीड एकदा बघून घ्या आणि बाकीचं सोडून द्या. आणि हात खरंच मागे पडत असेल तर कम्प्युटर उघडत बसू नका, डॉक्टरकडे जा. घरात कोणी हसलं तरी जा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अनि माझी समजूत घालत होता. तो, माझी!

"ताई, तू बरोबर मोजलं होतंस. मीच मानलं नाही."

तेव्हा मी मान हलवली. त्याला बरं वाटावं म्हणून "हो रे" म्हटलं.

आज सगळ्यांसमोर ते "हो" परत घेते. नाही रे अनि. तुला माहीत नव्हतं. मला दिसलं होतं.

शांत झोप, बाळा. ताईला माफ करू नकोस, चालेल.