समोरच्या उकिरड्यावरच्या पत्रावळी

ओल्या पत्रावळींचा वास आला, की इंग्रजी अमदानीतली माझी लोणावळा स्टेशनामागची खाणावळ आठवते, आणि तिच्याआधी समोर खाणावळ चालवणाऱ्या बाईची आठवते. रेल्वेचे फिटर, ड्रायव्हर आम्हा दोघींकडेच जेवत, पण तिचा धंदा कितीचा, हे ती मेली तरी सांगत नसे. म्हणून मी तिच्या उकिरड्यावर डोळा ठेवला. एक उष्टी पत्रावळ म्हणजे एक गिऱ्हाईक, हा माझा सरळ हिशोब. तिचा ढीग रोज वाढे आणि माझ्या घशाखाली घास उतरत नसे. दोघींना पत्रावळी पुरवणाऱ्या डोंगरवाडीच्या मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "व्हय, तुमच्याहून लय घेती ती." मी आणखीच पेटले. मग एका दुपारी लक्षात आलं, की माझ्या उकिरड्यावर कावळ्यांची झुंबड आणि तिच्याकडे एकही नाही. जाऊन पाहिलं, तर एकाही पत्रावळीला भाताचं शीत नाही, आमटीचा डाग नाही. मला दिसाव्यात म्हणून ती कोऱ्या पत्रावळी चुरगाळून टाकत होती! तिची खाणावळ ओस पडली होती, मला आनंद व्हायला हवा होता. पण आज म्हातारपणीही मी जळते, की ही युक्ती माझ्याआधी तिला सुचलीच कशी.